मीटरवरचं शिशाचं सील

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं जुनं मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला असायचं. लोखंडी डबा, पुढे काच, काचेमागे आकड्यांच्या चकत्या आणि वर फिरवायचा झेंडा. झेंडा उभा असला की गाडी रिकामी, खाली पाडला की भाडं सुरू. डब्याच्या पाठीमागे तारेत ओवलेला शिशाचा एक मणी असायचा, तो फारसा कुणाच्या नजरेला पडत नसे. त्यावर पक्कडीने दाबलेला सरकारी ठसा, वर्ष आणि तिमाहीचं अक्षर. पहिली तिमाही ए, शेवटची डी. हा ठसा मारणाऱ्या खात्यात माझी नोकरी झाली. लोक त्याला वजनमापे खातं म्हणत. कागदोपत्री ते वैधमापन शास्त्र. वाण्याचा तराजू, पेट्रोल पंपाचं माप, सोनाराचा काटा आणि टॅक्सीचं मीटर ही सगळी आमच्या लेखी एकाच जातीची वस्तू होती. ज्याला स्वतः मोजता येत नाही त्याच्या वतीने सरकारने तपासलेलं माप.

ओला-उबरला जगभर सरकारांनी का अडवलं, यावर गेल्या दहा-बारा वर्षांत पुष्कळ लिहून आलं. बहुतेकांची मांडणी ठरलेली. नवं तंत्रज्ञान आलं, जुन्या धंदेवाल्यांचं पोट दुखलं, सरकारने मतांसाठी त्यांची पाठराखण केली. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. युनियनचं वजन मंत्रालयात कसं पडतं ते मी जवळून पाहिलं आहे. पण मुंबईच्या भाड्याच्या गाड्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास तपासला तर खरा झगडा वेगळ्याच गोष्टीवर दिसतो. माप कुणाच्या हातात राहणार, हा तो झगडा.

तो मोटार येण्याच्या आधीपासूनचा आहे. १८६३ साली मुंबई सरकारने सार्वजनिक वाहनांचा कायदा केला. अमेरिकेत यादवी पेटली होती, लँकशायरच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस हवा होता आणि मुंबईत पैसा व माणसं दोन्ही लोटत होती. बोटीतून किंवा नव्या आगगाडीतून उतरलेल्या परक्या माणसाला ना अंतर ठाऊक, ना दर. भाड्याने चालणाऱ्या गाडीला परवाना लागेल आणि भाडं गाडीवाल्याच्या मर्जीवर राहणार नाही, हे तत्त्व त्या कायद्याने शहरात रुजवलं. १९२० साली मुंबईसाठी त्याच धर्तीचा नवा कायदा आला. व्हिक्टोरिया नावाच्या घोडागाड्या त्याच्याच अमलाखाली धावत राहिल्या. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तोवर रस्त्यावर उबर आलेली होती.

भाडं सरकारने का ठरवायचं, असा प्रश्न मला तरुण मुलं विचारतात. भाजी घेताना चार गाळे फिरता येतात. जुलैच्या पावसात दादर स्टेशनबाहेर आजारी आईला घेऊन उभा असलेला माणूस चार टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करू शकत नाही. समोर आलेली गाडी त्याला घ्यावीच लागते, चालक अनोळखी असतो आणि किती किलोमीटर झाले ते त्याला कळत नाही. म्हणून परवाना, बिल्ला, दर आणि मीटर या चार गोष्टी सरकारने आपल्या हातात घेतल्या. परवाना गाडीचा, बिल्ला चालकाचा, दर राजपत्रातला आणि मीटर त्या दराला बांधलेलं.

चालू रूपातलं टॅक्सीमीटर जर्मनीतल्या फ्रीडरिश ब्रून यांनी १८९१ मध्ये बनवलं. १८९७ मध्ये श्टुटगार्टमध्ये मीटर लावलेली डाइमलरची मोटार भाड्याने धावू लागली. लंडनने १९०७ मध्ये मोटार-कॅबला मीटर सक्तीचं केलं. मुंबईत १९११ साली मोटार-टॅक्सी आली. पुढे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परमिट आणि प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची घडी बसवली. १९८८ च्या कायद्याच्या ६७ व्या कलमाने भाड्याचे दर ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. ॲप-कंपन्यांविरुद्धच्या वादात सरकारच्या हाती जी हत्यारं होती ती ही अशी, जुनी आणि वापराने घासलेली.

आता मीटर कसं तपासायचो ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जुन्या मीटरला गिअरबॉक्सकडून एक केबल यायची, स्पीडोमीटरला येते तशीच. चाक फिरलं की केबल फिरणार, केबल फिरली की डब्यातल्या गराऱ्या फिरणार. गाडी सिग्नलला उभी असेल तेव्हाचं वेटिंग मोजायला आत घड्याळ, त्याला चावी द्यावी लागे. परवानाधारक दुरुस्तीवाला मीटर उघडायचा, साफ करायचा, गराऱ्या बसवायचा आणि मग ते आमच्या टेबलावर यायचं. टेबलावर केबल जोडून ठरावीक फेरे द्यायचे आणि चकती कधी पुढे सरकते ते पाहायचं. नंतर घड्याळ लावून वेटिंग पाहायचं. रस्त्यावरची चाचणी आरटीओची. मोजलेल्या अंतरावर गाडी चालवून मीटर ताडून घ्यायचे. दोन्हीकडे उतरलं की तार ओवून शिसं दाबायचं. त्यानंतर डबा उघडायचा तर सील तोडल्याशिवाय उघडणार नाही, आणि तुटलेलं सील म्हणजे गुन्हा.

लबाडी व्हायची. मीटर पळतंय ही तक्रार रोजची होती. कुणी आतली गरारी बदलायचा. कुणी डब्याला हातही लावत नसे, फक्त मागे लहान घेराचे टायर चढवायचा. चाक लहान झालं की त्याच अंतराला फेरे जास्त पडतात आणि सील शाबूत राहतं. म्हणून आमच्यातले जुने निरीक्षक आधी टायरकडे बघायचे, मग मीटरकडे.

एका तपासणीची आठवण मनात पक्की आहे. पद्मिनी टॅक्सीचा म्हातारा मालक-चालक, अंगात खाकी, छातीवर बिल्ला. त्याचं मीटर टेबलावर लावलं तर चकती उशिरा सरकत होती, म्हणजे मीटर कमी दाखवत होतं. मी ते नापास केलं. त्याला वाटलं मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतोय. मी त्याला जवळ बोलावलं, फेरे पुन्हा दिले आणि त्याच्यासमोर मोजले. दर भाड्यामागे त्याचंच नुकसान होत होतं, आणि तो दिवसभर गाडी हाकून कमाई का पुरत नाही म्हणून हैराण होता. जास्त दाखवणारं मीटर नापास तसं कमी दाखवणारंही नापास, हा नियम मी त्याला समजावला. माप दोघांचं असतं. मीटर म्हणजे प्रवाशाला दिलेलं चालकाविरुद्धचं शस्त्र, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते टेबलावर कधी पाहिलेलं नसतं.

यांत्रिक मीटरची एक अडचण होती. दर वाढला की गराऱ्या बदलणं खर्चाचं आणि वेळखाऊ, म्हणून मीटर जुन्या आकड्यांवरच ठेवायचे आणि वर एक तक्ता द्यायचे. मीटरवर १.०० दिसे तेव्हा २०१० च्या दराप्रमाणे १६ रुपये द्यावे लागत. ते टॅरिफ कार्ड चालकाने मागितल्याबरोबर दाखवायचं. परगावच्या माणसाला ते गणित कळत नसे आणि बनावट कार्डंही निघायची. त्यावर तोडगा म्हणून इ-मीटर सक्तीचे झाले. युनियन्सनी विरोध केला, प्रकरणं कोर्टात गेली, पण काही वर्षांत शहरातल्या टॅक्सींवर लाल आकड्यांचे इ-मीटर दिसू लागले. सील त्यांनाही होतं.

दरवाढ ही तर मुंबईतली जाहीर लढाई असायची. युनियन संपाची नोटीस द्यायची, सरकार समिती नेमायचं, मुंबई ग्राहक पंचायत हिशोब मागायची. निवृत्त सनदी अधिकारी पी. एम. ए. हकीम यांच्या समितीने २०१२ मध्ये इंधन, गाडीची किंमत, विमा, महागाई असं सगळं धरून एक सूत्र दिलं. त्यावरून ऑक्टोबर २०१२ मध्ये टॅक्सीचं किमान भाडं १७ चं १९ झालं. ग्राहक पंचायतीने त्या सूत्राला कोर्टात आव्हान दिलं. पुढे मार्च २०२१ मध्ये २५, ऑक्टोबर २०२२ मध्ये २८, फेब्रुवारी २०२५ मध्ये ३१ रुपये. दर वेळी मीटर पुन्हा जुळवायचं, पुन्हा रांगा, चालकाचा धंदा बुडायचा. संथ आणि कटकटीची पद्धत. पण रुपया का वाढला ते कागदावर होतं, आणि त्याला विरोध करायला जागा होती.

इतकं सांगितल्यावर दुसरी बाजू लपवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. माप जपणाऱ्या सरकारने गाडीची उपलब्धता जपली नाही. १९९७ मध्ये राज्याने टॅक्सी-रिक्षांची नवी परमिटं गोठवली, ती २०१७ पर्यंत जवळजवळ तशीच राहिली. शहर उत्तरेला पसरत गेलं, लोकसंख्या वाढली, परमिटं तेवढीच. परमिट हीच मालमत्ता झाली; मालक घरी आणि गाडी शिफ्टवर दुसऱ्याच्या हातात. भाडं नाकारणं हा कायद्याने दंडाचा अपराध असूनही संध्याकाळी सातला नरिमन पॉइंटवरून जवळचं भाडं घ्यायला टॅक्सी मिळत नसे. न्यूयॉर्कने १९३७ मध्ये हास कायद्याने टॅक्सीच्या परवान्यांवर अशीच मर्यादा घातली होती. तिथे एका परवान्याचा भाव २०१४ च्या सुमारास १० लाख डॉलरच्या वर गेला, मग कोसळला, आणि कर्ज काढून परवाना घेतलेल्या चालकांपैकी काहींनी २०१८ मध्ये जीव दिला. संख्या बांधून ठेवणं आणि माप राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण दुसरं बरं केलं, पहिलं फार वाईट.

२००६-०७ मध्ये फ्लीट टॅक्सीची योजना आली. मेरू कंपनीच्या वातानुकूलित गाड्या फोनवर बोलावता येऊ लागल्या, मीटर होतं, छापील पावती मिळे, दर सरकारने मान्य केलेला. सोय आणि माप एकत्र नांदू शकतात याचा तो मुंबईतला पुरावा होता. हे आज कुणी आठवत नाही.

मग २०१० च्या अखेरीस मुंबईतच ओला सुरू झाली आणि २०१४ मध्ये उबर इथे आली. त्यांच्या गाड्यांना टॅक्सीचं परमिट नव्हतं, पर्यटक परमिट होतं. हे परमिट पर्यटकांना ठरवून फिरवण्यासाठी. अशा गाडीला ना मीटर, ना राजपत्रातला दर. शहरातल्या शहरात दिवसभर भाडी मारणारी गाडी पर्यटक परमिटावर धावू लागली आणि सरकारचं सगळं मोजमाप एका झटक्यात बाजूला पडलं. प्रवासी खूश होते, आणि का नसावेत? गाडी दारात येत होती, नाही म्हणत नव्हती, भाडं सुरुवातीला काळ्या-पिवळीपेक्षा कमी होतं. ते कमी भाडं गुंतवणूकदारांच्या पैशातून येत होतं. पाऊस पडला, लोकल बंद पडल्या, की तोच फोन दुप्पट-अडीचपट आकडा दाखवायचा. शेजारी उभ्या दोन माणसांना एकाच ठिकाणासाठी वेगवेगळे आकडे दिसतात, असं लोक मला सांगत. ते खरं की खोटं हे तपासायचं कुठे? सील लावायला डबाच नव्हता.

लंडनमध्ये मीटर नेमकं कशाला म्हणायचं, हा प्रश्नच न्यायालयात गेला. तिथे खासगी भाड्याच्या गाड्यांना मीटर लावायला बंदी आहे. मीटर फक्त काळ्या कॅबला. उबरचा फोन हे मीटर आहे का, याचा निवाडा लंडनच्या परिवहन प्राधिकरणाने मागितला. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने सांगितलं की नाही, कारण भाड्याचा हिशोब गाडीतल्या फोनमध्ये होत नाही, तो दूरच्या सर्व्हरवर होतो. कायद्याच्या अर्थाने निकाल बरोबर असेल. पण शंभर वर्षांहून अधिक काळ गाडीत, प्रवाशाच्या डोळ्यांसमोर होणारा हिशोब गाडीबाहेर गेला, हे त्या निकालाने लेखी नोंदवलं. पुढे त्याच प्राधिकरणाने २०१७ आणि २०१९ मध्ये उबरचा परवाना नाकारला, तेव्हा कारण दराचं नव्हतं. चालकांची पार्श्वभूमी तपासण्यातला ढिसाळपणा आणि दुसऱ्याच्या खात्यावर भलत्याच चालकाने गाडी चालवणं ही कारणं होती. आपल्याकडे बिल्ला नावाची जी गोष्ट आहे, तिचंच हे रूप. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या चालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला, तेव्हा बिल्ला कुणी तपासला हा प्रश्न आपल्या देशालाही विचारावा लागला.

महाराष्ट्राने मार्च २०१७ मध्ये सिटी टॅक्सी नियम काढले. ॲपच्या गाड्यांना शहराचं परमिट, किमान-कमाल दर, गाडीत जीपीएस. नियम कागदावर राहिले, कारण त्यांना कोर्टात आव्हान मिळालं. २०१९ मध्ये केंद्राने मोटार वाहन कायद्यात ॲग्रीगेटर, म्हणजे ॲपवरून प्रवासी आणि चालक जोडून देणारी कंपनी, हा प्रकार घातला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. वाढीव भाडं मूळ दराच्या दीडपटीपर्यंत. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की परवान्याचा अर्ज न करणाऱ्या कंपन्यांना गाड्या चालवता येणार नाहीत. ती जनहित याचिका कशावरून होती, ते लक्षात घ्या. ॲपवर तक्रार केली तर तिची दाद नीट लागत नाही, एवढ्या साध्या गोष्टीवरून. पुण्यात बाइक-टॅक्सीचा वाद झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये सेवा थांबवावी लागली. तिथेही खासगी पाटीच्या दुचाकीवर भाडं घेतलं जात होतं, म्हणजे परमिट नाही, दर नाही, बिल्ला नाही.

सगळीच सरकारं मापासाठी भांडतात असा माझा दावा नाही. गोव्यातल्या पर्यटक टॅक्सींचं उदाहरण उलटं आहे. तिथे वर्षानुवर्षं मीटरविना भाडं चाललं. ओला-उबरला वाट मिळाली नाही, आणि २०१८ मध्ये पर्यटन महामंडळाच्या सहभागाने आलेल्या गोवा माइल्स या ॲपलाही स्थानिक टॅक्सीवाल्यांनी जोरदार विरोध केला. डिजिटल मीटर लावा म्हणून उच्च न्यायालयाला सरकारच्या मागे लागावं लागलं. ॲपला अडवायचं आणि मीटरही लावायचं नाही, हे प्रवाशाच्या हिताचं नव्हे. तिथला विरोध मला मान्य नाही.

मुंबईतल्या घडामोडींनी मात्र मला समाधान दिलं. जुलै २०२५ मध्ये ॲपच्या चालकांनीच संप केला आणि ते आझाद मैदानावर जमले. आमचं भाडं सरकारने ठरवावं, काळ्या-पिवळीच्या बरोबरीचा दर द्यावा, ही त्यांची मागणी. कंपनीचा वाटा आणि इंधन वजा जाता हातात किती उरतं, हे त्यांना सर्व्हरवरच्या हिशोबातून कळत नव्हतं. टेबलाशी उभ्या त्या म्हाताऱ्या चालकाला जो हैराणपणा होता, तोच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याने मुंबई महानगर प्रदेशातल्या ॲप-टॅक्सींसाठी किलोमीटरला २२.७२ रुपये हा मूळ दर लावला, गर्दीच्या वेळी फार तर दीडपट. काळ्या-पिवळीचा दर किलोमीटरला २०.६६ आहे. दोन्ही आकडे आता सरकारी आहेत, म्हणजे ते जाहीर आहेत आणि त्यांच्याशी ताळा करता येतो.

पण दर ठरवणं हे अर्धंच काम. मीटर तपासल्याशिवाय राजपत्रातल्या आकड्याला किंमत नसते, हे आमच्या खात्यातला शिपाईसुद्धा जाणतो. भाड्याचा हिशोब करणारी आज्ञावली वजनमापे खात्याच्या तपासणीखाली आली पाहिजे. दर वर्षी, तराजूसारखीच. बिलावर अंतर, वेळ, मूळ दर आणि गर्दीचा गुणाकार वेगवेगळे दिसले पाहिजेत. परवान्याच्या अटींत हे लिहून घेण्याचा अधिकार राज्याला आहे, तो वापरावा. तोवर वाचकांनी निदान एवढं करावं: पुढच्या खेपेला ॲपचं बिल आलं की किलोमीटर बघा, त्यांना २२.७२ ने गुणा, आणि बिलाचा आकडा त्याच्या दीडपटीच्याही वर गेलेला दिसला तर बिलाची प्रत जोडून परिवहन कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. तोंडी नको, लेखीच करा, आणि पोच घ्या.